टाकाची निब

टाकाच्या दांडीत बसवून शाईत बुडवून लिहायचे पोलादी टोक. फाउंटन पेनप्रमाणे तिच्यामागे शाईचा साठा नसतो. पोटाशी आणि छिद्रात धरून ठेवलेली शाई मधल्या चिरेतून टोकाकडे उतरते. सुलेखनाला आणि शाईच्या रेखांकनाला वेगवेगळ्या निबा लागतात. निवडताना रेषेची जाडी कशाने बदलायची आहे, कापाने की हाताच्या दाबाने, हे आधी ठरवावे.

पूर्वपीठिका : मराठी लेखनाचे जुने साधन बोरू. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवर आहे. निरनिराळ्या देशींचे, बारीक व सरळ बोरू पाहून घ्यावेत असे समर्थ रामदास त्यात सांगतात. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅम हे पोलादी निबांचे मोठे केंद्र झाले; जोसेफ गिलट यांनी १८३१ मध्ये तेथे निबेचे पेटंट घेतले. पुढे दौत-टाक आपल्याकडील शाळा-कचेऱ्यांत रुळला आणि फाउंटन पेन व बॉलपेन सर्वत्र होईपर्यंत टिकला.

मुख्य प्रकार : कट निबेचे टोक चपटे असते. हात एकाच कोनात धरला तरी दिशा बदलताच रेषा जाड-बारीक होते. दाब द्यावा लागत नाही. टोकदार निबेची चीर दाबाने फाकते व रेषा जाड होते. हात हलका केला की ती पुन्हा बारीक होते. कट निबेवर दाब देणारा तिची चीर बिघडवतो, तर टोकदार निबेने तिरक्या कापाची वळणे साधत नाहीत.

लिपीनुसार निवड : देवनागरीसाठी कट निब घ्यावी. तिचा काप रोमन सुलेखनाच्या उलट दिशेने तिरका लागतो, म्हणून निब विकत घेताना काप कोणत्या लिपीचा आहे हे विचारावे. कट निबांच्या मिचेल राउंडहँड मालिकेत ० क्रमांक सर्वांत रुंद आणि ६ सर्वांत बारीक असतो. शिकताना रुंद काप बरा, कारण अक्षराचा दोष त्यात लपत नाही. मोडीत शिरोरेषा आधी ओढून शक्यतो हात न उचलता लिहितात. तेथे गुळगुळीत, मध्यम कापाची निब हवी. फार रुंद कापाने वळणांच्या पोकळ्या बुजतात. देवनागरी आणि मोडी यांच्या मेळातून अच्युत पालव यांनी ‘मुक्तलिपी’ घडवली. कापाचे सामर्थ्य समजण्यास तिचा अभ्यास उपयोगी आहे. रोमन कॉपरप्लेट वळणाला मात्र टोकदार निबच लागते.

चित्रासाठी : नवशिक्याने जपानी ‘जी’ निबेसारखी कडक निब घ्यावी; ती दाब सहन करते. गिलट ३०३ अतिशय बारीक व लवचीक आहे, पण जड हाताखाली कागदात रुतते. हंट १०२ ही नळीसारखी असून तिला वेगळी दांडी लागते. केस, गवत, छायेच्या जवळजवळच्या रेषा यांसाठी ती उत्तम. बेंगळुरूत २००७ पासून इंडियन कार्टून गॅलरी आहे. अभ्यासकांनी तेथील प्रदर्शनांत रेषेच्या चढउताराकडे मुद्दाम लक्ष द्यावे.

पारख : निब उजेडात धरावी; टोकदार निबेत चिरेच्या दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या असाव्यात. आठाचा आकडा काढून पाहावा. एकाच दिशेला खरखर होत असेल तर टोक वाकडे आहे. सगळीकडे होत असेल तर बहुधा कागद खडबडीत आहे. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि शाई फुटते. तो दोष निबेच्या माथी मारू नये.

निगा : नव्या निबेवर गंज टाळण्यासाठी तेलाचा किंवा लाखेचा थर असतो. तो न काढल्यास शाई थेंबाथेंबाने जमून घसरते. स्पिरिटच्या बोळ्याने निब पुसून घ्यावी. शेलॅकयुक्त काळी शाई चिरेत वाळली की निब तुंबते, तर लोहयुक्त आम्ल शाई पोलाद खाते. म्हणून काम चालू असतानाही निब अधूनमधून पाण्यात धुवावी व शेवटी कोरडी करून ठेवावी. बारीक रेषा दाब न देताही जाड उमटू लागली की टोक झिजले असे समजून निब बदलावी.