क्लोरीन ट्रायफ्ल्युओराइड
क्लोरिनाचा एक व फ्ल्युओरिनाचे तीन अणू असलेले आंतरहॅलोजन संयुग. ऑटो रुफ व एच. क्रुग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १९३० साली ते प्रथम तयार केले. साधारण तापमानाला रंगहीन वायू, सु. १२° से. खाली फिकट हिरवट पिवळा द्रव. रेणूचा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा असतो. दोन्ही मूलद्रव्ये एकत्र तापवून ते मिळवितात.

हे अतिशय तीव्र ऑक्सिडीकारक आहे. लाकूड, कापड, तेल ठिणगीवाचून पेट घेतात. वाळू, काँक्रीट व ॲस्बेस्टसही टिकत नाहीत. पाण्याशी स्फोटक विक्रिया होऊन हायड्रोजन फ्ल्युओराइड व हायड्रोजन क्लोराइड हे घातक वायू सुटतात. म्हणून ही आग पाण्याने विझवू नये.

पोलाद, तांबे व निकेल यांच्या पृष्ठावर धातूच्या फ्ल्युओराइडाचा पातळ, चिवट थर बसतो व त्यामुळे आतील धातू वाचतो. थर ओरखडला किंवा पात्रात ओलावा, ग्रीज राहिले, तर धातूच पेटतो. संपर्काने त्वचा, डोळे व फुप्फुसांना गंभीर इजा होते.

युरेनियम हेक्झाफ्ल्युओराइडाची निर्मिती आणि अर्धसंवाहक उद्योगातील निक्षेपण कक्षांची स्वच्छता हे याचे प्रमुख उपयोग आहेत.