आमच्या घरातली लक्ष्मी

गेल्या दिवाळीत पुतण्याची लेक वेल्ह्याला आली होती. ती पुण्यात चित्रकला शिकते. आमच्या माजघरात एक जुनी लक्ष्मी आहे, कमळावर उभी, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. काच तडकली आहे, एक कोपरा वाळवीने खाल्लाय. तिने विचारलं, "आबा, हे कुणी केलं?" मी मास्तरी थाटात म्हणालो, "राजा रविवर्मा." म्हणालो खरा, पण मनात कुठेतरी टोचलं. कारण लहानपणी याच प्रश्नाचं दुसरं उत्तर मी याच घरात ऐकलं होतं.

आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ या चित्राकडे बोट दाखवून म्हणायचे, "ही आम्ही केलीय." आम्ही पोरं खो खो हसायचो. भाताची खाचरं करणारा, सहीच्या जागी अंगठा उठवणारा माणूस! तो कसली लक्ष्मी करतोय? मोठी माणसंही "त्याचं काय ऐकता" म्हणून सोडून द्यायची.

ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मळवलीला कामाला होते, एवढंच घरात माहीत होतं. आमच्याकडची तरणी माणसं तेव्हा पोटासाठी मुंबईची वाट धरायची. हे मात्र पौडावरून, पवन मावळातून पायी मळवलीला गेले आणि तिथेच तीन-चार वर्षं राहिले. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, तेव्हा मला मळवलीचा उलगडा झाला.

आपल्याकडे घरात लावायची छापील चित्रं तशी आधीपासून होती. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली, ती त्यासाठीच. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना घातला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मन. भांडवलाला गोवर्धनदास खटाव मखनजी भागीदार. रविवर्म्यांचे धाकटे बंधू राजा राजवर्मा स्वतः उत्तम चित्रकार होते, थोरल्या भावाच्या चित्रांतही त्यांचा हात असे. पुढे मुंबईत प्लेग आला आणि १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. काही वर्षांतच रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. १९०६ साली रविवर्मा गेले, पण छापखाना त्यांच्याच नावाने चालत राहिला. आपले कोल्हापूरचे धुरंधर यांनीही त्याच्यासाठी चित्रं काढली. म्हणजे धाकटे आजोबा तिथे पोचले तेव्हा रविवर्मा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि लक्ष्मी मात्र छापून निघतच होती.

ती कशी निघायची? शिळाप्रेस हा शब्द जुन्या लोकांना आठवेल. गुळगुळीत चुनखडीच्या जाड लादीवर तेलकट शाईने चित्र उलटं काढायचं. मग दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवायचा. तेलकट रेघ शाई धरते, ओला दगड ती झिडकारतो. पण एका दगडातून रंग एकच निघतो. जितके रंग तितके दगड! मूळ तैलचित्र पाहून कुठला रंग कुठे, किती, हे फोडून प्रत्येक दगडावर वेगळं उतरवणारा कारागीर निराळा. तोच कागद एकेका दगडावर नेमका बसवणारा निराळा. गुंजभर सरकला तर देवीचे ओठ गालावर जायचे.

आणि छपाई संपली की तोच दगड पुढच्या चित्राला लागायचा. मग वाळू आणि पाणी घालून दगडावर दगड घासायचा, जुनं चित्र पार निघून जाईपर्यंत. आमचे धाकटे आजोबा हे काम करायचे. ते सांगायचे, "पहिल्या दिवशी दगडावर देव बघितला न् हातच उठंना. पाया पडलो, मग घासला." आम्ही यालाही हसलो होतो.

हे सगळं मी त्या पोरीला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "आबा, आमच्याकडे अजून दगड आम्हीच घासतो. नीट घासला नाही तर जुनं चित्र नव्याच्या आडून डोकावतं. ते आजोबा खरंच बोलत होते."

मला फार लागलं ते. पस्तीस वर्षं मी इतिहास शिकवला. वर्गाच्या खिडकीतून तोरणा दिसायचा. "किल्ला महाराजांनी घेतला, पण त्यांच्याबरोबर कोण होतं? तुमच्या-आमच्या खोऱ्यातले मावळे," हे दरवर्षी न चुकता सांगायचो. आणि घरातला मावळा "आम्ही केलीय" म्हणाला, तर त्याला वेड्यात काढत होतो. आता लक्षात येतं, ते कधी "मी केली" म्हणाले नव्हते. "आम्ही" म्हणायचे.

तो मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत जळाला. दगड घासणाऱ्यांची नावं मी वाचलेल्या पुस्तकांत तरी कुठे सापडली नाहीत. भाऊबीजेच्या दिवशी तसबीर खाली उतरवली, नवी काच घातली. मागच्या पुठ्ठ्यावर पुतण्याच्या लेकीकडून धाकट्या आजोबांचं नाव लिहून घेतलं, त्याखाली गाव, वेल्हे. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण त्यांनी ते वेल्हेच सांगितलं असतं.

असो. भाऊबंदांपैकी कुणाच्या माळ्यावर अशी जुनी तसबीर असेल, तर टाकून देऊ नका. आणि घरातलं कुणी म्हातारं माणूस "ही आम्ही केलीय" म्हणालं, तर जरा बसून ऐका.