रजनी आठवते का?



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "सिलिंडरवाला पावतीपेक्षा जास्त पैसे घेते. पण त्याले बोलंल कोण?" सगळ्या गप्प. आम्हीही गप्पच. तेवढ्यात एका आजींना रजनी आठवली. आज तिचीच गोष्ट.

साल १९८५. गावात एखाद्याच घरी टीव्ही, अन् त्यावर फक्त दूरदर्शन. बासू चटर्जी यांची 'रजनी' ही हिंदी मालिका तेव्हा लागायची. रजनी म्हणजे तुमच्याआमच्यासारखी संसार करणारी बाई. पण गॅसवाल्यानं अडवलं, टॅक्सीवाल्यानं मनमानी केली, की ती सरळ जाब विचारायची. टॅक्सीचा भाग लागला, तेव्हा टॅक्सीचालकांनी निदर्शनं केली! म्हणजे बोलणं बरोबर जागी लागलं होतं.

रजनी झाल्या होत्या आपल्या मराठी प्रिया तेंडुलकर. जन्म १९५४ चा, नाटककार विजय तेंडुलकरांच्या कन्या. १९७४ च्या 'अंकुर' सिनेमात त्यांनी काम केलं, पुढं मराठी सिनेमेही केले. पण घराघरांत पोचल्या त्या टीव्हीनं. नंतर टीव्हीवर स्वतःच्या नावाचा चर्चेचा कार्यक्रम चालवला, कथाही लिहिल्या. २००२ मध्ये, अवघ्या ४७ व्या वर्षी त्या गेल्या.

'रजनी'नंतर पुढच्याच वर्षी, १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. तो एका मालिकेमुळं झाला असं नाही. पण विचारणं म्हणजे भांडकुदळपणा नव्हे, हे रजनीनं बायांना दाखवलं. २०१९ ला नवा कायदा आला. आज तक्रारीसाठी १९१५ हा फोन आहे, बुलढाण्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही.

आजींचं ऐकून आम्ही ठरवलं. पुढच्या खेपेला सिलिंडर आला, तेव्हा पाच जणी सोबत उभ्या राहिलो. पावती मागितली, वजन करायला लावलं. सिलिंडरवर लिहिलेलं रिकाम्या टाकीचं वजन, त्यात १४.२ किलो गॅस मिळवायचा. तेवढं भरलं पाहिजे. भरलं. पैसेही पावतीएवढेच घेतले.

आवाज कोणी चढवला नाही. मावशींनी पावती घडी करून गटाच्या वहीत ठेवली. तुमच्या वहीत आहे का अशी एखादी पावती?