डॉ. कोटणीस आणि मागे राहिलेले घर



डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी तिच्यावर चित्रपट काढला, तेव्हापासून ती घरोघर पोचली. चीनमधील त्यांच्या कामगिरीचे वर्णन आज पुन्हा करण्याचे आम्हांस प्रयोजन वाटत नाही. ते घरून निघाले कसे, एवढ्याचाच विचार करावयाचा आहे. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. माणूस लढ्यावर पाठवायचा तर आधी त्याच्या घरच्या चुलीची चौकशी करावी लागते, हे त्या कामाने आम्हांस शिकविले. त्याच नजरेने हा इतिहास पाहू.

१९३७ च्या जुलैत जपानने चीनवर चढाई केली. चिनी सेनापती चू-ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले, जुलैत चीनसाठी खास दिवस पाळून वर्गणी गोळा झाली आणि सुमारे २२,००० रुपये जमले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी झोळी फिरविली, ही गोष्ट लहान नव्हे. एक रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टर पाठवावयाचे ठरले.

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल. ते स्पेनच्या यादवी युद्धात सेवा करून आलेले, त्यामुळे रणांगण त्यांना नवे नव्हते. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने वडील. डॉ. बसू व डॉ. मुखर्जी कलकत्त्याचे. पाचवे सोलापूरचे कोटणीस, वय अवघे २७. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले होते आणि पुढील शिक्षणाची तयारी करीत होते.

त्यांचे घर मध्यमवर्गीय. दोन भाऊ, पाच बहिणी. अशा घरातला मुलगा डॉक्टर होतो तेव्हा ते यश त्याच्या एकट्याचे नसते. अनेकांनी पोटाला चिमटा घेतलेला असतो, आणि आता बरे दिवस येतील म्हणून सारे त्याच्याकडे डोळे लावून बसलेले असतात. नेमक्या त्या वेळी कोटणिसांनी परदेशी सेवेला जाण्याची अनुमती घरी मागितली. चीन म्हणजे काय, हे त्या काळी सोलापुरात किती जणांना ठाऊक असणार? तरीही घराने होकार दिला. सप्टेंबर १९३८ च्या आरंभी पथक मुंबईहून बोटीने निघाले.

चुंगकिंगला पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी चीनचा वाचक असलेला ‘हुआ’ हा शब्द जोडण्यात आला. तेथेच कोटणिसांना वडील वारल्याची वार्ता कळली. खरी कामगिरी अजून सुरू व्हावयाची होती. परत फिरले असते तर कोणी बोल लावला नसता. ते फिरले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचले.

याला कोणी कठोरपणा म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. वडिलांच्या होकारानेच ते निघाले होते. अर्ध्या वाटेवरून न परतणे हाही त्या होकाराचा मान राखणेच होते. परंतु इकडे घरावर काय गुदरले असेल? कर्ता पुरुष गेला आणि डॉक्टर मुलगा हजारो मैल दूर.

पुढे बाकीचे चौघे एकामागून एक परतले. कोटणीस तेथेच राहिले, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पत्नी क्वो छिंग-लान आणि काही महिन्यांचा मुलगा मागे राहिला. म्हणजे सोलापूरचे एक आणि चीनमधले एक, अशा दोन घरांनी या सेवेची किंमत मोजली.

जमलेल्या निधीचा आकडा इतिहासात नोंदला गेला. घरांनी दिले त्याची पावती कोणी फाडली नाही. आजही आपली मुले-मुली दूरदेशी सेवेला निघतात. आपण हार घालतो, भाषणे करतो, निरोप देतो. तो जरूर द्यावा. मात्र त्याच संध्याकाळी पाठविणाऱ्यांपैकी चार जणांनी त्यांच्या घरी जाऊन विचारावे, की आता येथले कोण पाहणार? ते उत्तर मिळाल्याशिवाय पाठविणाऱ्यांची तयारी पुरी झाली असे आम्ही मानीत नाही.