कुरुळीच्या माळावरून

इतिहास वाचावयाचा तो ग्रंथांत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु भूमि हीहि एक जुनी पोथीच आहे, आणि ती वाचावयाची तर पायीं चालावें लागतें. आज मी आपणांस पुणें-नाशिक रस्त्यावरील कुरुळी ह्या गांवीं घेऊन जाणार आहें. हा मुलूख आज कारखान्यांच्या नांवानें ओळखला जातो. पण कारखाने येथेंच कां आले, असें विचारूं लागलें कीं आपण पुष्कळ मागील काळांत जाऊन पोंचतों.

कुरुळीच्या माळावर उभें राहून चहूंकडे पाहावें. दक्षिणेस मोशीपाशीं इंद्रायणी, उत्तरेस चाकणच्या पलीकडे भामा. ह्या दोन नद्यांमधील ही उघडी, बहुतांशीं सपाट भूमि. वायव्येकडे भामचंद्राचा डोंगर. आग्नेयेस आळंदी, पश्चिमेस देहू, उत्तरेस चाकण. तिन्ही ठिकाणें दोनतीन कोसांच्या अंतरावर. मावळचे डोंगर जेथें संपतात आणि देश जेथें सुरू होतो, त्या उंबरठ्यावरचें हें गांव आहे. उंबरठा ओलांडल्यावांचून आंत जातां येत नाहीं. म्हणून जो जो आला तो ह्याच बाजूनें गेला.

पंधराव्या शतकांत बहामनी सरदार मलिक-उत्-तुजार ह्यानें चाकणास आपलें ठाणें केलें, तें ह्याच कारणानें. पुढें पुणें व्यापून बसलेल्या शाएस्तेखानाची फौज २१ जून १६६० रोजीं चाकणपुढें येऊन थडकली. किल्ला भुईकोट, डोंगराचा आधार नाहीं, भरंवसा काय तो खंदकाचा, तटाचा आणि पावसाचा. आंत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. मुठभर शिबंदीनिशीं त्यानें पन्नासांहून अधिक दिवस किल्ला लढविला. अखेर मोगलांनीं भुयार खणून १४ ऑगस्ट रोजीं एक बुरूज सुरुंगानें उडविला, आणि दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला. मोगलांकडील २६८ माणसें मेलीं व ६०० जखमी झालीं, असा आंकडा सर जदुनाथ सरकारांनीं दिला आहे. ज्या सपाटीनें शत्रूला वाट दिली, त्याच सपाटीवर त्याला दोन महिने चिखलांत खोळंबून राहावें लागलें!

परंतु ह्या वाटा केवळ फौजांच्या नव्हेत. ज्ञानेश्वरांनीं १२९६ सालीं आळंदीस समाधि घेतली. तुकाराममहाराज देहूचे, भामचंद्राच्या गुहेंत त्यांनीं साधना केली, अशी परंपरा आहे. त्यांचें वैकुंठगमन १६५० चें, म्हणजे चाकणच्या वेढ्यापूर्वीं अवघीं दहा वर्षें. कार्तिक वद्य एकादशीला दिंड्या आळंदीस जमतात. जुन्नर-खेडकडील वारकरी चाकणवरून टाळ-मृदंगाच्या घोषांत उतरतात. एका पिढीनें तोफांचा आवाज ऐकला तो ह्याच शिवारांत, आणि हरिनामाचा गजरहि ह्याच शिवारांत.

खेड, जुन्नर, आंबेगांव, मावळ ह्या भागांतील जत्रा म्हटली म्हणजे बैलगाडा आलाच. ज्या चढणीवर गाडा पळवितात तिला येथें 'घाट' म्हणतात. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ह्या शर्यतींस मनाई केली. पुढें राज्याचा सुधारित कायदा त्याच न्यायालयानें २०२३ सालीं मान्य केला. मधल्या वर्षांत कित्येक घाट ओस पडले. जमिनीचा एक तुकडा वापरांतून गेला म्हणजे त्याचें नांवहि हळूहळू लोकांच्या तोंडून जातें, हें त्यावरून कळावें.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथें मोटारींचे कारखाने आले. सपाट भूमि, वाहता रस्ता आणि पुण्याचें सान्निध्य: कारणें तींच, जीं मलिक-उत्-तुजारानें पाहिलीं होतीं. ह्या कारखान्यांनीं पुष्कळांच्या घरीं चूल पेटविली, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. परंतु आवाराच्या भिंती उठल्या कीं बांधांवरून जाणाऱ्या पायवाटा मध्येंच तुटतात. आणि वाट तुटली कीं तिच्या कडेची विहीर, म्हसोबाचा दगड, शेताचें नांव हीं सारींच परकीं होतात.

इंग्लंडांत १९४९ सालीं कायदा झाला, आणि प्रत्येक परगण्यानें आपल्या पायवाटा नकाशावर नोंदवाव्या असें ठरलें. शेत कोणाचेंहि असो, नोंदलेल्या वाटेनें चालण्याचा हक्क सर्वांचा. आपल्याहि गांवनकाशावर गाडीवाटा नि पायवाटा तुटक रेषांनीं दाखविलेल्या असतात. त्या रेषा कागदावर उरल्या, पण पायांखालून गेल्या, तर उपयोग काय?

म्हणून माझी विनंति एवढीच. एखाद्या रविवारीं गांवांतील एखाद्या आजोबांस बरोबर घ्यावें, नकाशाची प्रत हातीं घ्यावी, आणि शिवार चालून यावें. ते जीं नांवें सांगतील तीं उतरून घ्यावीं. चाकणच्या तटाचे अवशेष उद्यांहि पाहावयास मिळतील; आजोबांच्या तोंडचीं नांवें मात्र थांबणार नाहींत.