उष्ण कटिबंधातील हिमशिखरे

कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यान असूनही माथ्यावर बारमाही बर्फ असलेले पर्वत. आफ्रिकेतील किलिमांजारो (५,८९५ मी.), माउंट केनिया व रुवेन्झोरी, न्यू गिनीतील पुंचाक जाया, आणि इक्वेडोरमधील चिंबोरासो (६,२६३ मी.) व कायांबे ही ठळक उदाहरणे. कायांबेच्या उतारावरून तर विषुववृत्तच जाते. १८४८ मध्ये किलिमांजारोवर बर्फ दिसल्याचे जर्मन मिशनरी योहानेस रेबमान याने कळवले, तेव्हा लंडनच्या भूगोलज्ञांचा त्यावर विश्वास बसला नाही. विल्यम डेस्बरो कूली यांनी घरबसल्या ते खोडून काढले.

भारतात असे एकही शिखर नाही. हिमालय कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे आणि दक्षिणेतील सर्वोच्च अनैमुडी २,६९५ मीटरवरच थांबते.

महाराष्ट्रातील पनवेल साधारण १९° उत्तर अक्षांशावर आहे. याच अक्षांशावर मेक्सिकोतील पोपोकातेपेत्ल (सुमारे ५,४०० मी.) आणि पिको दे ओरिझाबा (५,६३६ मी.) हे ज्वालामुखी उभे आहेत. ओरिझाबावर आजही हिमनदी आहे. दोन्हीकडे सूर्य सारखाच डोक्यावर येतो, फरक उंचीचा. दर हजार मीटरला तापमान सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. कोकणपट्टीची वार्षिक सरासरी २७ अंश धरली, तर शून्य अंश गाठायला चार हजार मीटरहून वर जावे लागेल. तेवढ्यानेही भागत नाही, कारण पडलेले हिम दुपारच्या उभ्या उन्हाला पुरून उरले पाहिजे. म्हणून मेक्सिकोत हिमरेषा ५,००० मीटरच्या आसपास आहे. पनवेलजवळचा प्रबळगड जेमतेम ७०० मीटर आणि राज्यात सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर. पावसाळ्यात प्रबळच्या माथ्यावर दिसणारी पांढरी टोपी ढगांची असते.

गंमत अशी, की सह्याद्रीही लाव्हाचाच. पण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा तो बेसाल्टी लाव्हा पातळ होता; भेगांतून निघून थरांवर थर पसरत गेला. पोपोकातेपेत्लचा लाव्हा घट्ट, म्हणून तोंडाभोवती साचून शंकू उभा राहिला. शिवाय तो वयाने लहान आहे, तर सह्याद्रीला पावसाने कोट्यवधी वर्षे झिजवले आहे.

सह्याद्रीत बर्फ नसला, तरी महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात कधी पहाटे स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. त्याला तिथे हिमकण म्हणतात. वर्तमानपत्रांत त्याचा ‘बर्फ पडला’ असा बोभाटा होतो. खरे तर काहीच पडत नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता गमावते आणि दव जागीच गोठते. ऊन वर आले की थर गेला.

उष्ण कटिबंधातील हिमशिखरांना थंडीचा वेगळा ऋतू नसतो. दिवसरात्रीच्या तापमानातील फरक ऋतूंमधील फरकापेक्षा मोठा, त्यामुळे हिमनदीचे खालचे टोक वर्षभर वितळत राहते आणि तापमानवाढीचा फटका तिला लवकर बसतो. किलिमांजारोवरील १९१२ मधल्या बर्फापैकी ८० टक्क्यांहून अधिक बर्फ नाहीसा झाला आहे. पोपोकातेपेत्लशेजारच्या इस्ताक्सिवात्लवरील आयोलोको हिमनदी २०१८ मध्ये संपली. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी तिच्या जागी खडकावर धातूची स्मृतिपाटी बसवली.