समासातला शेरा

भोरहून रायरेश्वराकडे निघालेल्या वाटसरूस वाटेत आंबवडे लागते. तेथील झुलता पूल ओलांडून नागेश्वराच्या राउळाकडे गेले, की त्याच परिसरात शंकराजी नारायण सचिव यांची समाधी आढळते. 1707 मध्ये येथेच देह ठेवणाऱ्या या पुरुषाच्या घराण्याने 1948 पर्यंत भोरचे संस्थान सांभाळले, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या पदाचे मूळ काम मात्र विस्मरणात गेले. सचिव म्हणजे पूर्वीचे सुरनीस. दरबारातून निघणारा कागद तपासावा, चूकभूल दुरुस्त करावी आणि त्यावर आपली निशाणी करावी, ही त्यांची चाकरी.

मधुमेहाचे शास्त्र आज ज्यांना एपिजेनेटिक बदल म्हणते, ते समजून घेताना मला या सुरनिशीची आठवण होते. जनुकांतील मजकूर जन्मभर तोच राहतो. परंतु त्याच्या अक्षरांना मिथिल नावाचा सूक्ष्म रासायनिक गट चिकटतो अथवा सुटतो, आणि कोणते जनुक बोलावे व कोणते मुके राहावे, हे पुष्कळ अंशी त्यावरून ठरते. मूळ दस्तऐवजास धक्का न लावता अंमल तेवढा बदलणारा, असा हा समासातला शेरा होय.

भोरच्या मावळात मधुमेहाचा हा शेरा कोणी लिहिला असेल, हे शोधावयाचे तर भुकेचा इतिहास चाळावा लागतो. उतारावरची नाचणी-वरी आणि खाचरातले भात यांवर जगणाऱ्या हिरडस मावळातील कुटुंबास पावसाळ्याचे महिने कणगीचा तळ खरवडीत काढावे लागत. आणि नेमक्या त्याच महिन्यांत, पाठीवर इरले घेऊन, चिखलात वाकून भात लावणाऱ्या बायांत गर्भारशीही असत. सारा माफ केल्याच्या, तगाई वाटल्याच्या, कौल देऊन गावे पुन्हा वसविल्याच्या नोंदी जुन्या दफ्तरांत सापडतात. पण चिखलात वाकलेल्या त्या गर्भारशीच्या उदरातील जिवास त्या आषाढात काय मिळाले, याची नोंद कोणत्याही कारकुनाने ठेवली नाही.

ती ठेवण्याचे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये आरंभिले. त्यांनी अभ्यासासाठी निवडलेली 6 खेडी पुणे जिल्ह्यातली असली तरी मावळातली नव्हेत, हे सांगितलेच पाहिजे. पण शेतात राबणारी गर्भवती दोन्हीकडे सारखीच. नवजात बालकाच्या खांद्याच्या फऱ्याखालची कातडी बारीक चिमट्यात धरून त्यांनी मोजली, तेव्हा नवल दिसले: इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकाचे वजन सरासरी 3.5 किलो, आपल्याकडचे 2.7 किलो, हातपाय काटकुळे, स्नायू तोकडे, आणि तरीही त्या चिमटीतली चरबी फारशी कमी नव्हती. किडकिडीत दिसणारे ते पोर आतून मेदाळ होते. ज्या माता शेतात अधिक कष्टत, त्यांची मुले अधिक लहान. ज्यांच्या ताटात पालेभाजी, फळे आणि दूध वारंवार येई, त्यांची मुले अधिक मोठी.

पुढे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आणखी एक धागा हाती आला. बहुसंख्य मातांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होते. आणि ते कमी असून फोलेट भरपूर असलेल्या मातांच्या मुलांत, वयाच्या सहाव्या वर्षीच, इन्शुलिनला न जुमानण्याची, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी, प्रवृत्ती सर्वांत अधिक आढळली. मिथिल गट घडविण्यास ही दोन्ही द्रव्ये लागतात. म्हणजे शेऱ्याची शाईच बिघडलेली. मनुष्यात ही साखळी कडीकडीने सिद्ध व्हावयाची आहे. उंदरांत मात्र, 50 पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या वंशास पुढे दोन पिढ्या पोटभर अन्न देऊनही इन्शुलिनच्या जनुकाभोवतीच्या खुणा पुसल्या गेल्या नाहीत, असे 2015 मध्ये दिसून आले. हे कळल्यावर मधुमेह्याच्या जिभेलाच सारा दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

त्या 6 खेड्यांत 1993 नंतर जन्मलेली मुले-मुली वयात आली, तेव्हा 2012 पासून, स्वतः आईबाप होण्यापूर्वीच, त्यांतील काहींना बी-12 च्या गोळ्या देण्यास प्रारंभ झाला. पुढे त्यांचीही मुले जन्मास आली, आणि नाळेतील रक्ताचे नमुने घेऊन हे शेरे पुन्हा वाचण्याचे काम हाती घेतले गेले.